परिचारिकेचे शिक्षण : कर्ज किती आणि पहिला पगार किती

बारावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या कार्यालयात पालकांची ये-जा सुरू होते. शाळा दहावीपर्यंतचीच, परंतु मुलगी एकदा वसतिगृहात राहून गेली की तिच्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्नही आईवडील येथेच घेऊन येतात, आणि तो आपलाच प्रश्न आहे असे आम्हीही मानत आलो आहोत. गेल्या काही वर्षांत या प्रश्नांपैकी सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न परिचारिका अभ्यासक्रमाचा आहे. म्हणून या स्मरणिकेत त्यावर थोडे सविस्तर, आकड्यांनिशी लिहावे असे आम्ही ठरविले.

२०२४ च्या जून महिन्यात श्रीवर्धनच्या बाजूच्या एका गावातील माता आपल्या धाकट्या मुलीला घेऊन आल्या. त्यांची थोरली आमच्याच वसतिगृहातील. २०१८ साली तिने एका खासगी महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला. तो प्रवेश एका एजंटाने संस्थास्तरीय कोट्यातून करून दिला होता. चार वर्षांचे शुल्क, वसतिगृह, गणवेश, पुस्तके असा एकूण खर्च आठ लाखांच्या घरात गेला. चार लाख बँकेचे कर्ज, दोन लाख पतसंस्थेत सोने ठेवून, आणि उरलेले दोन लाख नातेवाइकांकडून. मुलगी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. नवी मुंबईतील एका लहान रुग्णालयात तिला पहिला पगार मिळाला तो १४,००० रुपये. त्या माउलीने आम्हाला एवढेच विचारले, “सर, थोरलीचं अजून फिटलेलं नाही. धाकटीलाही नर्सच व्हायचंय. तिला काय सांगू?”

त्या दिवशी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पुढील मजकूर हा बहुतांशी त्या कागदाचाच विस्तार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या समाजातील ज्या ज्येष्ठ भगिनी मागील पिढीत परिचारिका झाल्या, त्यांनी या शिक्षणासाठी कर्ज काढले नव्हते. शासकीय व महापालिकेच्या रुग्णालयांना जोडलेल्या प्रशिक्षण शाळांत राहण्याची सोय असे आणि शिकत असतानाच विद्यावेतन मिळे. प्रशिक्षणार्थी मुलगी रुग्णालयात काम करीत करीत शिकत असे. त्यामुळे “नर्सिंग म्हणजे गरिबाच्या मुलीचे शिक्षण” ही समजूत घरोघरी रुजली. ती तेव्हा खरी होती. आज मात्र बहुसंख्य जागा खासगी महाविद्यालयांत आहेत, आणि तेथे प्रत्येक वर्षाचे शुल्क आधी भरावे लागते. व्यवसाय तोच राहिला. त्यात शिरण्याचे दार मात्र बदलले. पालक जुन्या समजुतीने नव्या दारातून आत जातात आणि फसगत तेथेच होते.

मग शिक्षणाचे मोल ठरवायचे कशाच्या तुलनेत? येथे पालकांकडून होणारी चूक आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली आहे. कर्ज घेताना डोळ्यांसमोर असतो तो शासकीय अधिपरिचारिकेचा पगार. सातव्या वेतन आयोगानुसार महाराष्ट्र शासनात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० अशी आहे. जानेवारी २०२४ पासून लागू झालेला ५० टक्के महागाई भत्ता धरला तर घरभाड्याशिवाय सुरुवातीसच ५३,१०० रुपये होतात. केंद्र शासनाच्या रुग्णालयांत मूळ वेतनच ४४,९०० पासून सुरू होते. हे आकडे खरे आहेत. परंतु ही भरती दरवर्षी होत नाही, झाली की एका जागेमागे उमेदवारांची रांग असते, आणि निवड होईपर्यंत दोन, चार, कधी त्याहून अधिक वर्षे जातात. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

मधल्या काळात मुलगी जेथे काम करते तेथील पगार हाच आपला मापदंड असला पाहिजे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी स्टाफ नर्सचे मानधन महिना सुमारे २०,००० रुपयांच्या आसपास राहिले आहे. बी.एस्सी. झालेल्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम मिळाले तर २५,००० मानधन आणि कामगिरीवर आधारित १५,००० पर्यंत अधिक मोबदला, अशी रचना आहे. रोहा, म्हसळा, मुरूडसारख्या तालुक्यांत राहून करण्याजोगे हे काम असल्याने आम्ही ते मुलींना आवर्जून सुचवितो.

खासगी रुग्णालयांची गोष्ट निराळी आहे. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या आदेशानंतर केंद्र शासनाने तज्ज्ञ समिती नेमली. तिने अशी शिफारस केली की, ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही परिचारिकेला २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे. ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयात ते शासकीय वेतनापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे, आणि २०० खाटांवरील रुग्णालयात ते शासकीय वेतनाइतके असावे. शिफारस अतिशय न्याय्य आहे. पण ती शिफारस आहे. आमच्या माजी विद्यार्थिनी ज्या पगारपावत्या दाखवितात, त्यांत हा किमान आकडा अनेकदा दिसत नाही. १४,००० चा तो पगार हा अपवाद नव्हता, हे आम्हाला खेदाने नमूद करावे लागते.

आता कर्जाचे गणित. समजा, चार वर्षांसाठी दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले आणि व्याजदर १० टक्के आहे. शिक्षणाची चार वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष परतफेड करावी लागत नाही. याचा अर्थ व्याज लागत नाही असा पालक करून घेतात; तो चुकीचा आहे. या काळात सरळ व्याज साचत राहते. पहिल्या वर्षी उचललेल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,००० आणि चौथ्यावर २०,००० असे १,४०,००० रुपये जमतात. हप्ते सुरू होतात त्या दिवशी देणे चार लाखांचे नसते, ५,४०,००० चे असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१३६ रुपये. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ५,८०३ वर येतो. पालकांना तो आकडा सुखावह वाटतो, परंतु एकूण परतफेड साडेआठ लाखांऐवजी दहा लाखांच्या वर जाते. घेतले होते चार लाख.

१४,००० च्या पगारातून ७,१३६ रुपये, म्हणजे निम्म्याहून अधिक! उरलेल्या पैशांत पनवेल-कामोठ्याकडे तिघींनी मिळून घेतलेल्या खोलीचे भाडे, जेवण, रात्रपाळीहून परतताना रिक्षा. थोरलीने त्या काळात घरी एक पैसा पाठविला नाही म्हणून गावात बोलले गेले. ती घरून पैसे मागत नव्हती, हेच पुष्कळ होते.

आम्ही पालकांना एक साधे माप सांगतो. मुलीच्या हातात प्रत्यक्ष पडणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्शापेक्षा हप्ता अधिक असू नये. हा काही शासनाचा नियम नव्हे. घराबाहेर एकटीने राहणाऱ्या, नव्याने कमावू लागलेल्या मुलीला काय झेपते ते पाहून आम्ही बसविलेला हिशेब आहे. या मापाने, १० टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरून मोजले तर १४,००० पगारावर सुमारे दोन लाखांचे कर्ज झेपते. २०,००० वर दोन लाख ऐंशी हजारांचे. आणि शासकीय अधिपरिचारिकेच्या पगारावर सात लाखांच्या आसपास. सात लाखांचे कर्ज घेणारे सर्व पालक मनात तिसरा पगार धरून बसलेले असतात आणि मुलीच्या वाट्याला आधी पहिला येतो. या एका वाक्यात आमच्या कार्यालयात ऐकलेल्या बहुतेक तक्रारी सामावल्या आहेत.

म्हणून, कर्ज कसे फेडावे याहून कर्ज लहान कसे ठेवावे हा विचार आधी व्हावा. आणि येथे आपल्या समाजातील मुलींना जे हक्काने मिळते ते निव्वळ कागदपत्रांच्या अभावी घालविले जाते, हे पाहून आम्हाला वाईट वाटते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. १९९० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेश दुरुस्ती कायद्याने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळू लागल्या. आज कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर ही शिष्यवृत्ती, आणि त्याहून अधिक असेल तर राज्य शासनाची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्ती मिळू शकते. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींनाही जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. आमच्या शाळेतील आगरी व कोळी समाजाच्या पालकांनी याची विशेष नोंद घ्यावी.

परंतु या सर्व सवलतींना एक अट आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असला पाहिजे. संस्थास्तरीय किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला त्या मिळत नाहीत. एजंट ही गोष्ट सांगत नाही. “ताई, सीट जाईल, आजच पन्नास हजार भरा,” एवढेच तो सांगतो, आणि त्या घाईच्या पन्नास हजारांत पुढची चार वर्षांची शिष्यवृत्ती बुडते. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची स्वतंत्र परीक्षा घेतली जाते. तिचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या सुमारासच भरावा लागतो, निकालानंतर नव्हे. ज्या मुलीने तो भरलाच नाही तिला एजंटाखेरीज मार्ग उरत नाही; म्हणून आम्ही आता दहावीच्या निरोप समारंभातच ही गोष्ट सांगू लागलो आहोत. जातवैधता प्रमाणपत्राचेही तसेच. ते वेळेवर हाती नसेल तर राखीव जागेवरचा प्रवेश धोक्यात येतो आणि शुल्काची सवलतही. अकरावीत असतानाच प्रस्ताव दाखल करावा. आजोबांच्या शाळेचा दाखला मिळविण्यासाठी महाडच्या की माणगावच्या कोणत्या जुन्या शाळेत जावे लागेल हे घरातील वृद्ध हयात आहेत तोवर विचारून ठेवावे.

राहण्याच्या खर्चासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये अशी तिची मूळ रचना आहे. एक मात्र स्पष्ट सांगतो. ही रक्कम आणि शिष्यवृत्तीही बहुधा उशिरा खात्यात जमा होते. तोवर हातउसने करावे लागते. कुटुंबाने त्याकरिता निराळी शिल्लक ठेवावी. मोठे कर्ज काढण्याचे ते कारण नव्हे.

दुसरा मार्ग जी.एन.एम. पदविकेचा. तो तीन वर्षांचा आहे. शासकीय अधिपरिचारिकेच्या पदासाठी जी.एन.एम. आणि बी.एस्सी. दोन्ही चालतात, ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते. नोकरी लागल्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून पदवी पूर्ण करता येते. ज्या घरात खासगी बी.एस्सी.साठी सोने मोडण्याची वेळ येणार असेल, तेथे शासकीय रुग्णालयाशी जोडलेल्या जी.एन.एम.चा विचार आधी करावा, असे आमचे मत आहे. पदवीला प्रतिष्ठा अधिक आहे, अध्यापनाचा व एम.एस्सी.चा मार्ग तिच्यातूनच थेट जातो, हे मान्य. पण कर्जमुक्त पदविका आणि कर्जबाजारी पदवी यांत आम्ही पहिली निवडू.

खासगी महाविद्यालयच घ्यायचे झाले तर दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात. त्याला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे काय. आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्क किती. माहितीपत्रकातील आकडा आणि प्राधिकरणाचा आकडा यांत तफावत असेल तर प्रश्न विचारण्याचा पालकाला अधिकार आहे. शिवाय बी.एस्सी. महाविद्यालयाला स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असणे अपेक्षित असते. ते जाऊन पाहावे. खाटांवर रुग्ण आहेत का तेही पाहावे. रिकाम्या वॉर्डात शिकलेल्या मुलीला पहिल्या मुलाखतीतच अडचण येते.

इतके करूनही कर्ज घ्यावे लागले तर ते बँकेचेच घ्यावे. चार लाखांपर्यंतच्या आदर्श शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत शासनाची पतहमी योजना आहे. विद्यालक्ष्मी संकेतस्थळावरून एकाच अर्जाने अनेक बँकांकडे मागणी करता येते. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षणकाळाचे व पुढील वर्षाचे व्याज शासन भरते. वरच्या उदाहरणात ते १,४०,००० रुपये आहेत. ते वजा झाले की चार लाखांचा दहा वर्षांचा हप्ता ७,१३६ ऐवजी ५,२८६ होतो. बँकेच्या शाखेत हे आपणहून कोणी सांगेलच असे नाही, लेखी अर्ज करून मागावे. अनुदान मिळत नसेल तर शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरावे. पहिल्या वर्षी ते महिन्याला साधारण ८३३ रुपये असते, चौथ्या वर्षी ३,३३३. कष्टाचे आहे, पण मुद्दल फुगत नाही.

सोने, वाडी आणि होडी यांच्याविषयी थोडे. पतसंस्थेच्या सोनेतारण कर्जाचे व्याज पुढच्या महिन्यापासूनच सुरू होते, मुलगी शिकत असो वा नसो. आणि कोकणातील उत्पन्नावर चार वर्षांचा भरवसा कोणी द्यावा? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा या कुटुंबाची थोरली दुसऱ्या वर्षात होती. सुपारीची वाडी एका दुपारी आडवी झाली. सुपारीचे नवे रोप फळ धरायला सहा-सात वर्षे घेते; पतसंस्थेचे व्याज तेवढे थांबले नाही.

परदेशी जाण्याचे स्वप्न दाखवून मोठे कर्ज गळ्यात बांधणारेही आहेत. जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. संधी खरी आहे. परंतु जर्मन भाषेची बी-२ पातळी गाठण्यास सहसा वर्षभराहून अधिक काळ लागतो आणि त्या काळात पगार नसतो किंवा अर्धा असतो. आखाती देशांसाठी नोंदणीकृत भरती एजंट कायद्याने ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेऊ शकत नाही. लाखांत मागणी करणाऱ्याच्या दारातून परत फिरावे. आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाही रुग्णालयाच्या वा एजंटाच्या ताब्यात देऊ नयेत.

आमच्या काही ज्येष्ठ उपासकांचा आक्षेप असतो की, कर्ज मुळी घेऊच नये. ते अंगुत्तर निकायातील दाखला देतात. अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची जी चार सुखे सांगितली त्यांत ऋणमुक्त असण्याचे सुख, आनण्यसुख, हे एक आहे. दाखला अचूक आहे. मात्र त्याच चारांत कष्टाने मिळविलेले धन जवळ असण्याचे सुखही आहे, आणि ज्या घरात कोणी मिळवितेच नाही त्या घरातील मुलीला ते शिक्षणाखेरीज कसे लाभावे? झेपेल एवढे कर्ज घेऊन परिचारिका झालेल्या आमच्या कितीतरी मुली आज अलिबागपासून मुंबईपर्यंत घरे चालवीत आहेत. “लग्न झाल्यावर हप्ता कोणी भरायचा?” असे विचारून मुलीचे शिक्षणच थांबविणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मात्र बोलणी करताना कर्जाची गोष्ट सासरच्यांपासून लपवू नये, कारण सहकर्जदार म्हणून सही वडिलांची असते आणि हप्ता चुकला की नोटीस त्यांच्याच दारी येते.

त्या जून महिन्यातील दुपारी हे सारे मांडून झाल्यावर धाकटीनेच कागद आपल्याकडे ओढला. तिने सामायिक परीक्षा दिली होती, गुण मध्यम होते. बी.एस्सी.ची शासकीय जागा मिळण्याची शक्यता थोडी. एजंटाचा फोन त्या आठवड्यात दोनदा येऊन गेला होता. तिने बहिणीचे ७,१३६ आणि पगाराचे १४,००० हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले, थोडा वेळ पाहिले, आणि विचारले, “सर, जी.एन.एम.चा फॉर्म कधी सुटतो?”

ती आता शासकीय रुग्णालयाशी जोडलेल्या प्रशिक्षण शाळेत आहे. थोरली कंत्राटी स्टाफ नर्स झाली असून २०,००० मानधन घेते. पतसंस्थेतील सोने मागील दिवाळीत सुटले, नातेवाइकांचे निम्मे देणे बाकी आहे, आणि बँकेचे हप्ते २०३३ पर्यंत चालायचे आहेत.